जातिवंत कुत्र्यांची पैदास आणि सत्यनिष्ठा

१. जातिवंत म्हणजे काय?

जातिवंत कुत्रा कशाला म्हणावे, असा प्रश्न कोणी केला, तर बहुतेक जण त्याच्या बाह्य रूपाकडे बोट दाखवितील. निमुळते मुस्कट, सडपातळ अंग, अंगावरील ठिपके, कानांची ठेवण अशी लक्षणे ते सांगतील. परंतु नुसत्या रूपावरून जात सिद्ध होत नाही. संकरातून जन्मलेले एखादे पिल्लू रूपाने हुबेहूब एका जातीसारखे दिसू शकते, पण त्याच्या पोटी येणाऱ्या पिल्लांत मात्र दुसऱ्या जातीची लक्षणे प्रकट होतात. म्हणून ज्या कुत्र्याचे आईबाप, आजे व पणजे कोण होते हे लेखी नोंदींवरून सांगता येते आणि ते सर्व एकाच जातीचे होते असे दाखविता येते, तोच जातिवंत होय, अशी व्याख्या रूढ झाली आहे.

या व्याख्येचा नीट विचार केला, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कुत्र्याचा जातिवंतपणा त्याच्या कातडीवर लिहिलेला नसून कागदावर लिहिलेला असतो, आणि कागद लिहिणारा मनुष्य असतो. कुत्रीचा संयोग कोणत्या नराशी झाला, वेतात किती पिल्ले जन्मली, त्यांतील किती जगली, कोणत्या पिल्लात काय व्यंग होते, या सर्व गोष्टी प्रत्यक्ष पाहणारा बहुधा एकटा पैदास करणाराच असतो. तो जे लिहील ते पुढील पिढ्यांच्या दृष्टीने सत्य ठरते. तो जे लिहिणार नाही ते घडलेच नाही असे ठरते. वंशावळ ही साक्षींची एक साखळी आहे. तिच्यातील एक कडी खोटी निघाली, तर तिच्यापुढील सर्व कड्यांवरील विश्वास ढळतो.

या धंद्यातील प्रामाणिकपणाचा विचार सामान्यतः नीतीचा विषय म्हणून केला जातो, व ते योग्यच आहे. परंतु तो तितकाच आनुवंशिकशास्त्राचाही विषय आहे. खोटी नोंद केवळ गिऱ्हाइकाला फसविते असे नाही. ती जन्माला न आलेल्या प्राण्यांच्या माथी रोग मारते. हे कसे घडते, ते आता पाहू.

२. नोंदवहीची सुरुवात

कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन इंग्लंडमधील न्यूकॅसल अपॉन टाइन या शहरी जून १८५९ मध्ये भरले. पॉइंटर व सेटर या शिकारी कुत्र्यांच्या दोनच वर्गांत सुमारे साठ कुत्री तेथे आली होती. दोन्ही वर्गांसाठी वेगवेगळे परीक्षक नेमले होते. निकाल लागला तेव्हा असे दिसून आले की, पॉइंटरांचे बक्षीस सेटरांच्या एका परीक्षकाच्या कुत्र्याला, आणि सेटरांचे बक्षीस पॉइंटरांच्या एका परीक्षकाच्या कुत्र्याला मिळाले आहे. कोणीही स्वतःच्या कुत्र्याची परीक्षा स्वतः केली नव्हती; ती कुत्री खरोखरच उत्तम असतीलही. तथापि जो आज परीक्षक आहे तोच पलीकडच्या वर्गात स्पर्धक असेल, तर निकालावर लोकांचा विश्वास कसा बसावा, हा प्रश्न पहिल्याच प्रदर्शनाबरोबर जन्मास आला.

दुसरा प्रश्न नावांचा होता. त्या काळी एकाच नावाची कित्येक कुत्री निरनिराळ्या गावी असत. एका नामांकित कुत्र्याचा पराक्रम त्याच नावाच्या दुसऱ्या सामान्य कुत्र्याच्या खाती सहज जमा होई. ही अव्यवस्था दूर करण्यासाठी सेवॅलिस शर्ली यांच्या पुढाकाराने १८७३ मध्ये लंडन येथे केनेल क्लबाची स्थापना झाली. हीच संस्था २०२३ पासून रॉयल केनेल क्लब म्हणून ओळखली जाते. तिने १८७४ मध्ये पहिली वंशनोंदवही प्रसिद्ध केली. तीत १८५९ पासूनच्या प्रदर्शनांत आलेल्या चार हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी होत्या. पुढे १८८० मध्ये प्रत्येक कुत्र्याचे नाव नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. अमेरिकेत अशीच संस्था १८८४ मध्ये निघाली.

नोंदवही आली, नियम आले, दंडाची तरतूद झाली. परंतु या संस्थांना एक मर्यादा होती. पैदास करणाऱ्याने भरून पाठविलेला अर्ज खरा मानूनच त्यांना चालावे लागे. जवळजवळ शंभर वर्षे या सर्व इमारतीचा पाया म्हणजे एका माणसाचा शब्द हाच होता.

३. एका आंधळ्या पिल्लाचा हिशेब

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. आयरिश सेटर या तांबूस केसांच्या देखण्या जातीत दृष्टिपटलाच्या क्रमिक ऱ्हासाचा एक रोग आढळतो. अशा पिल्लाला प्रथम रात्री दिसेनासे होते आणि वर्षा-दीड वर्षात ते बहुधा पूर्ण आंधळे होते. हा रोग मेंडेलच्या नियमांनुसार चालणारा अप्रभावी गुण आहे. याचा अर्थ असा की, पिल्लाला सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही मिळाले तरच ते आंधळे होते. एकाकडून सदोष व दुसऱ्याकडून निर्दोष जनुक मिळाले, तर त्याची दृष्टी आयुष्यभर उत्तम राहते. परंतु ते त्या दोषाचे वाहक असते.

समजा, नर व मादी दोघेही वाहक आहेत. दोघांचे डोळे उत्तम आहेत, दोघांनी प्रदर्शनांत बक्षिसेही मिळविली आहेत. त्यांना एका वेतात आठ पिल्ले झाली. मेंडेलच्या नियमाप्रमाणे सरासरीने दोन पिल्ले आंधळी होतील, चार वाहक होतील व दोन पूर्णपणे निर्दोष असतील. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण हिशेब समजण्यास हे प्रमाण पुरेसे आहे.

आता पैदास करणाऱ्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की, दोन पिल्ले आंधळी निघाली हे त्याने नोंदवावे आणि राहिलेली सहा घेणाऱ्यांना तसे सांगावे. या एका वाक्यातून किती ज्ञान मिळते पाहा. नर आणि मादी दोघेही वाहक आहेत हे तत्काळ निश्चित होते. दिसायला निकोप असलेल्या सहा पिल्लांपैकी सरासरी चार, म्हणजे दोन-तृतीयांश, वाहक असणार हेही कळते. त्या नराची इतरत्र झालेली पिल्लेही संशयित ठरतात व त्यांचे मालक सावध होतात.

दुसरा मार्ग असा की, ती दोन पिल्ले गुपचूप नाहीशी करावी व वेतात सहाच पिल्ले झाली असे लिहावे. मग सहा कुटुंबे निर्धास्तपणे सहा पिल्ले घरी नेतात. त्यांतील चार वाहक असतात. पण त्यांच्या वंशावळीत बक्षिसांखेरीज दुसरे काहीही लिहिलेले नसते. पुढे त्यांची पैदास होते, आणि तीन-चार पिढ्यांनी दूरच्या एखाद्या गावी, ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा माणसाच्या घरी, आंधळी पिल्ले जन्मतात. तो आपल्या नशिबाला दोष देतो. वास्तविक तो दोष एका न लिहिलेल्या ओळीचा असतो.

डीएनएची परीक्षा उपलब्ध होण्यापूर्वी वाहक ओळखण्याचा एकच खात्रीचा उपाय होता. तो म्हणजे संशयित नराचा संयोग या रोगाने आंधळ्या झालेल्या मादीशी घडवून पिल्ले तपासणे. नर वाहक असेल, तर प्रत्येक पिल्लू आंधळे होण्याचा संभव निम्मा असतो. एक पिल्लू डोळस निघाले एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु सहाच्या सहा पिल्ले डोळस निघाली, तर वाहक नराच्या बाबतीत तसे केवळ योगायोगाने घडण्याचा संभव चौसष्टात एक इतका अल्प उरतो. ही परीक्षा खर्चाची व क्लेशदायक होती, कारण नर वाहक निघाल्यास तिच्यातून आंधळी पिल्ले जन्मणे अटळ असे. शिवाय तिचा निष्कर्ष सर्वस्वी पिल्लांच्या खऱ्या मोजणीवर अवलंबून होता. सातवे पिल्लू आंधळे होते व ते लपविले, तर सारे गणित उलटे होई.

सन १९९३ मध्ये या रोगाचे मूळ सापडले. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींना आवश्यक असलेले एक विकर ज्या जनुकामुळे तयार होते, त्या जनुकात केवळ एका अक्षराचा बदल झालेला असतो, आणि त्यामुळे ते विकर अर्धवट बनते. तेव्हापासून रक्ताच्या थेंबावरून अथवा गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावरून वाहक ओळखता येऊ लागला.

या शोधामुळे आणखी एक मोलाची गोष्ट स्पष्ट झाली. वाहक असणे हा कलंक नव्हे. वाहक कुत्र्याचा संयोग निर्दोष कुत्र्याशी केला, तर एकही पिल्लू आंधळे होत नाही. उत्तम गुणांचा वाहक कुत्रा पैदाशीतून बाद करण्याचेही कारण उरत नाही. त्याचा जोडीदार तेवढा तपासून निवडावा लागतो. माणसे दोष लपवितात ती बहुधा लाजेपोटी किंवा नुकसानीच्या भीतीपोटी. ज्ञानाने लाजेचे कारणच नाहीसे होते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात कितीही सोयीची असली, तरी पैदाशीत झाकलेली मूठ पुढच्या पिढ्यांना फार महाग पडते.

४. पितृत्वाची साक्ष

कुत्र्यांच्या प्रजननात एक विशेष आहे. माजावर आलेल्या कुत्रीचा संयोग थोड्या दिवसांच्या अंतराने दोन नरांशी झाला, तर एकाच वेतातील काही पिल्ले एका नराची व काही दुसऱ्याची असू शकतात. म्हणून कुंपणावरून उडी मारून आलेला शेजारचा कुत्रा ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ठरवून घडविलेला संयोग आदल्या दिवशी झाला होता म्हणून सर्व पिल्ले त्याच नराची, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. प्रामाणिक पैदास करणारा अशा वेळी शंका नोंदवितो. अप्रामाणिक मनुष्य नामांकित नराचे नाव लिहून मोकळा होतो.

इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनएच्या ठशांवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत शोधली. थोड्याच वर्षांत ती कुत्र्यांनाही लागू पडते असे दिसून आले. पिल्लाच्या डीएनएतील प्रत्येक खूण आईकडून किंवा बापाकडून आलेली असलीच पाहिजे. एखादी खूण दोघांपैकी कोणातही नसेल, तर नोंदविलेल्या आईबापांपैकी निदान एकाचे नाव बहुधा चुकीचे आहे. आणि अशा अनेक खुणा जुळेनाशा झाल्या, म्हणजे शंकेला जागा उरत नाही. अमेरिकन केनेल क्लबाने २००० पासून वारंवार वापरल्या जाणाऱ्या नरांसाठी डीएनएची नोंद सक्तीची केली. दोन बापांच्या वेताचीही डीएनएच्या आधारे तेथे नोंद करता येते. म्हणजे चूक झाली तरी ती सांगणाऱ्यासाठी वाट मोकळी ठेवलेली आहे. सत्य सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपविणाऱ्याला लाभ अशी ज्या नियमांची रचना असते, ते नियम असत्यालाच उत्तेजन देतात.

५. न पाठविलेली क्ष-किरण चित्रे

असत्य हे नेहमी खोट्या शब्दाचे रूप घेऊनच येते असे नाही. कित्येकदा ते मौनाच्या रूपाने येते. मोठ्या चणीच्या अनेक जातींत खुब्याच्या सांध्याचे एक व्यंग आढळते. त्यात खुब्याची वाटी उथळ असते, मांडीच्या हाडाचा गोल माथा तीत घट्ट बसत नाही, व कालांतराने सांधा झिजून प्राणी लंगडू लागतो. हे व्यंग एका जनुकाचे नसून अनेक जनुकांचे आणि आहार, वजन, व्यायाम इत्यादी परिस्थितीचे मिळून घडलेले असते. म्हणून त्यासाठी सोपी डीएनए-परीक्षा नाही. क्ष-किरण चित्र काढून तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे लागते. अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था असे काम करते.

तथापि चित्र प्रथम गावच्या पशुवैद्याच्या हाती येते. त्यावरून व्यंग उघड दिसले, तर पुष्कळ मालक ते चित्र संस्थेकडे पाठवीतच नाहीत. याचा परिणाम आकड्यांवर कसा होतो ते पाहा. समजा, शंभर कुत्र्यांपैकी तिसांना व्यंग आहे. सर्व चित्रे पाठविली, तर व्यंगाचे प्रमाण शेकडा ३० निघेल. पण त्या तिसांपैकी वीस मालकांनी चित्रे घरीच ठेवली, तर पाठविलेल्या ऐंशी चित्रांत दहाच सदोष असतील व प्रमाण शेकडा १२.५ दिसेल. कोणी एक अक्षरही खोटे लिहिले नाही, आणि तरीही संपूर्ण जातीविषयीचे ज्ञान खोटे झाले. शास्त्रीय संशोधनातही नेमका हाच धोका असतो. मनाजोगते निकाल छापावयाचे आणि इतर निकाल फडताळात ठेवावयाचे, ही सवय विज्ञानाची शत्रू आहे.

स्वीडनमधील केनेल क्लबाने यावर एक मार्ग दाखविला. तेथे तपासणीचे निकाल, चांगले असोत वा वाईट, मध्यवर्ती नोंदवहीत जमा होतात आणि ते कोणालाही पाहता येतात. एकट्याच्या धैर्यावर विसंबून न राहता सर्वांनी मिळून सत्य उघडे ठेवले, म्हणजे सत्य सांगणारा एकटा पडत नाही.

६. कीर्तिमान नर आणि आटलेला वंश

एखादा कुत्रा मोठ्या प्रदर्शनात विजयी झाला, की प्रत्येकाला आपल्या कुत्रीसाठी तोच नर हवासा वाटतो. त्याची शेकडो पिल्ले होतात. तो नर एखाद्या अप्रभावी दोषाचा वाहक असला, तर निर्दोष माद्यांपासून झालेल्या त्याच्या दर शंभर पिल्लांत सुमारे पन्नास वाहक असतात. ही सारी पिल्ले एकमेकांची भावंडे असल्यामुळे दोन-तीन पिढ्यांनी त्यांच्याच वंशजांचे आपसांत संयोग होणे टळत नाही, आणि तेव्हा दोष प्रकट होतो.

जवळच्या नात्यातील संयोगाला अंतःप्रजनन म्हणतात. त्याचे मान काढण्याची रीत सुअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये सांगितली. सख्ख्या भावंडांच्या अथवा बाप-लेकीच्या संयोगातून झालेल्या पिल्लात हे मान शेकडा २५ असते, सावत्र भावंडांच्या बाबतीत १२.५, आणि चुलत-मावस भावंडांच्या बाबतीत ६.२५. हे गणित वंशावळीवरून करावयाचे असते. म्हणून वंशावळीतील एक खोटे नाव हे गणितही खोटे करते.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी केनेल क्लबाच्या नोंदींचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ब्रिटनमधील सुमारे २०,००० बॉक्सर कुत्र्यांची आनुवंशिक विविधता अवघ्या सत्तरांच्या आसपास कुत्र्यांइतकी आहे, असे त्यांना आढळले. कळप डोळ्यांना मोठा दिसतो, पण वंश आतून आटलेला असतो. त्याच वर्षी बीबीसीने प्रक्षेपित केलेल्या एका माहितीपटामुळे ब्रिटनमध्ये या प्रश्नावर मोठे वादळ उठले. पुढे केनेल क्लबाने २००९ मध्ये आई-मुलगा, बाप-मुलगी व सख्खी भावंडे यांच्या संयोगातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांनी जातिवंत कुत्र्यांच्या पैदाशीची स्वतंत्र चौकशी करून २०१० मध्ये अहवाल सादर केला.

७. डाल्मेशियनचा धडा

आतापर्यंत आपण कागद खोटा असल्याने प्राण्याची हानी कशी होते ते पाहिले. आता याच्या नेमके उलट असे एक प्रकरण पाहू. येथे कागद अगदी खरा होता, परंतु त्या खऱ्या कागदाच्या अभिमानाने प्राण्याच्या देहातील सत्य तीस वर्षे दूर ठेवले.

काळ्या ठिपक्यांचा डाल्मेशियन कुत्रा सर्वांना परिचित आहे. बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात यूरिक आम्लाचे रूपांतर ॲलँटॉइन या सहज विरघळणाऱ्या पदार्थात होते. डाल्मेशियनच्या मूत्रात मात्र यूरिक आम्लच मोठ्या प्रमाणात उतरते, आणि त्याचे खडे बनून मूत्रमार्ग अडतो. नरांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने त्यांना हा त्रास विशेष होतो. हाही अप्रभावी गुण आहे. परंतु आयरिश सेटरच्या व याच्या स्थितीत एक मोठा भेद आहे. शुद्ध वंशाच्या प्रत्येक डाल्मेशियनमध्ये सदोष जनुकाच्या दोन्ही प्रती होत्या. जातीत निर्दोष जनुक उरलेच नव्हते. कितीही काळजीपूर्वक जोड्या लावल्या, तरी निर्दोष पिल्लू मिळणे अशक्य होते. ते जनुक बाहेरून आणणे हाच एक उपाय होता.

रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशिकशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका डाल्मेशियनचा संयोग पॉइंटर जातीच्या विजेत्या कुत्र्याशी घडवून आणला. त्यातून झालेल्या पिल्लांपैकी ज्यांत निर्दोष जनुक उतरले होते त्यांचा संयोग त्याने पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी केला, आणि हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवला. अशा क्रमात परक्या जातीचा वाटा दर पिढीस निम्मा होतो. पहिल्या पिढीत तो अर्धा, दुसरीत पाव, पाचवीत एक-बत्तिसांश, आणि दहावीत एक हजार चोविसांहून एक इतका उरतो. निवडून राखलेले ते एक जनुक मात्र टिकते.

अमेरिकन केनेल क्लबाने १९८१ मध्ये अशा दोन कुत्र्यांची डाल्मेशियन म्हणून नोंदणी केली. पण जातीच्या क्लबातील सभासदांनी विरोध केला व पुढील नोंदणी थांबली. वंशात एक पॉइंटर आहे, एवढेच त्याचे कारण. शायबलने तो पॉइंटर लपविला नव्हता, हे येथे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. त्याला वंशावळीत खोटे नाव लिहून तोच हेतू गुपचूप साधता आला असता. त्याने उघड मार्ग धरला, आणि म्हणून त्याला वाट पाहावी लागली.

सन २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी या दोषाचे जनुक शोधून काढले. आता कोणत्या पिल्लात निर्दोष जनुक आहे हे सरळ परीक्षेने सांगता येऊ लागले. ब्रिटनच्या केनेल क्लबाने २०१० मध्ये व अमेरिकन क्लबाने २०११ मध्ये या वंशातील कुत्र्यांना नोंदवहीत स्थान दिले. हे शक्य झाले, कारण त्या वंशाची प्रत्येक पिढी प्रामाणिकपणे नोंदलेली होती. शुद्धता म्हणजे परके रक्त नसणे एवढाच अर्थ धरला, तर ती नुसती अभिमानाची बाब होते. काय आहे ते जसेच्या तसे लिहिणे ही शुद्धता मात्र प्राण्याच्या उपयोगी पडते.

८. रिंगण आणि परीक्षक

प्रदर्शनाच्या रिंगणातील लबाडी जुनी आहे. केसांना रंग देणे, खडूची पूड चोळून पांढरेपणा वाढविणे, शस्त्रक्रियेने व्यंग झाकणे असे प्रकार नियमांनी निषिद्ध ठरविलेले आहेत. ते निषिद्ध असण्याचे कारण साधे आहे. बक्षीस ज्या गुणासाठी दिले तो गुण पिल्लांत उतरावा, ही प्रदर्शनाची मूळ कल्पना. रंग पिल्लांत उतरत नाही, व शस्त्रक्रियेने झाकलेले व्यंग मात्र उतरते.

परंतु परीक्षकाची जबाबदारी याहून मोठी आहे. स्नेह, देणेघेणे किंवा उद्या आपलीही परीक्षा याच माणसाकडून होणार आहे ही जाणीव, यांपासून त्याने मन अलिप्त ठेवले पाहिजे. शिवाय तो ज्या रूपाला पहिला क्रमांक देतो त्या रूपाची पैदास वाढते. चपट्या नाकाच्या जातीत तो दरवर्षी अधिक चपटे नाक निवडीत गेला, तर काही पिढ्यांनी कुत्र्याला श्वास घेणे कठीण होते. बर्मिंगहॅम येथील क्रफ्ट्स या प्रसिद्ध प्रदर्शनात २०१२ मध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांची स्वतंत्र पशुवैद्यांकडून तपासणी करण्याची पद्धत सुरू झाली. त्या वर्षी बुलडॉग, पेकिनीज, बॅसेट हाउंड, मॅस्टिफ, निऑपॉलिटन मॅस्टिफ व क्लंबर स्पॅनियल या सहा जातींचे विजेते त्या तपासणीत उतरले नाहीत. परीक्षकाच्या नजरेने जे सर्वोत्कृष्ट ठरले होते, ते वैद्याच्या नजरेने पुढील फेरीस पात्र नव्हते.

९. आपल्या देशात

भारतात केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नई येथील संस्था जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करते. नोंदविलेल्या कुत्र्याच्या त्वचेखाली मायक्रोचिप बसविली जाते, जेणेकरून कागदावरील नाव आणि प्रत्यक्ष प्राणी यांची जोड निश्चित राहावी. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधी नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे व प्राण्यांचे दप्तर ठेवणे आवश्यक आहे, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे.

आपल्या देशी जातींच्या बाबतीत नोंदीचे महत्त्व अधिकच आहे. कर्नाटकातील मुधोळ, जिला महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखतात, आणि तमिळनाडूतील राजापाळयम व चिप्पिपारै या जाती शेतकरी, धनगर व शिकारी यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. पण त्यांची वंशावळ बहुधा लोकांच्या स्मरणातच राहिली. अशा जातींना मागणी वाढली, की मिश्र पिल्ले शुद्ध म्हणून विकण्याचा मोह वाढतो. आज जी नोंदवही लिहिली जाईल तिच्यावर उद्याचे सारे संशोधन उभे राहणार आहे. पहिले पानच खोटे लिहिले, तर पुढे ते दुरुस्त करणे फार कठीण.

१०. समारोप

शास्त्राने आज आपल्या हाती पुष्कळ साधने दिली आहेत. पितृत्व तपासता येते, कित्येक दोषांचे वाहक ओळखता येतात. परंतु नमुना कोणत्या कुत्र्याच्या गालातून घेतला, वेतात खरोखर किती पिल्ले जन्मली, कोणते मेलेले निघाले, कोणते चित्र पाठविलेच नाही, या गोष्टी अजूनही माणसाच्या शब्दावरच अवलंबून आहेत. परीक्षा जसजशा सूक्ष्म होत जातात तसतशी प्रामाणिकपणाची गरज कमी होत नाही. तिची जागा तेवढी बदलते.

पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्याने म्हणून बक्षिसांची यादी मागण्याआधी काही साधे प्रश्न विचारावे. आई प्रत्यक्ष पाहता येईल का? आईबापांच्या कोणत्या तपासण्या झाल्या व त्यांचे निकाल काय? या वंशात आजवर कोणते दोष निघाले? ‘आमच्याकडे कधीच कोणताही दोष निघाला नाही’ असे जो सांगतो, त्याच्यापेक्षा ‘अमुक वेतात दोन पिल्ले सदोष निघाली, म्हणून आम्ही ती जोडी पुन्हा लावली नाही’ असे जो सांगतो, तो अधिक विश्वासास पात्र होय. कुत्रा स्वतःची वंशावळ वाचू शकत नाही, आणि तिच्यातील खोटेपणाविरुद्ध तक्रारही करू शकत नाही. त्याच्या वतीने सत्य लिहिण्याची जबाबदारी ज्याने पैदास केली त्याच्यावर येऊन पडते.

विचारार्थ प्रश्न

(१) नर वाहक व मादी निर्दोष असेल, तर किती पिल्ले आंधळी होतील? किती वाहक होतील?

(२) वाहक नराच्या परीक्षा-संयोगात पाच पिल्ले डोळस निघण्याचा संभव किती? सात निघण्याचा किती?

(३) दोनशे कुत्र्यांपैकी पन्नासांना खुब्याचे व्यंग आहे. त्यांतील चाळीस मालकांनी चित्रे पाठविली नाहीत. व्यंगाचे प्रमाण शेकडा किती दिसेल व खरे किती आहे?

(४) शायबलने पॉइंटरचे नाव लपविले असते, तर त्या वंशावरील पुढील संशोधनास कोणत्या अडचणी आल्या असत्या?